माळावरचे नकलाकार : सोलापूर, नान्नज आणि हिप्परगा

माझी आतेबहीण टेक्ससात राहते. फेब्रुवारीत ती माहेरी आली की हुरड्यासाठी सोलापूर गाठायचं, हे आमचं ठरलेलं असतं. यंदा त्यात पक्ष्यांची भर पडली आणि त्याला कारण तिच्या डॅलसच्या घरामागचा मॉकिंगबर्ड. राखाडी अंगाचा, लांब शेपटीचा, आपल्या बुलबुलापेक्षा जरासा मोठा पक्षी. बसलेला असताना कुणी वळून बघणार नाही. उडाला की पंखांवरचे पांढरे पट्टे लख्ख दिसतात. तो टेक्ससचा राज्यपक्षी आहे, शिवाय फ्लोरिडा, टेनेसी, आर्कान्सा आणि मिसिसिपी ह्या राज्यांनीही त्यालाच निवडलंय. रात्री अडीच वाजता तो गायला लागला की ताई खिडकीत फोन धरते आणि मला आवाज पाठवते. एकेक तुकडा तीन-चार वेळा म्हणायचा, मग पुढचा. त्यात दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज, बेडूक, कधी मोटारीचा अलार्मसुद्धा.

मॉकिंगबर्ड सगळे अमेरिकेच्या दोन खंडांतले आणि तिकडच्या बेटांवरचे. भारतात त्यांची एकही जात नाही. पण दुसऱ्यांचे आवाज उचलणारे पक्षी आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यातले काही सोलापूरच्या माळांवर सहज भेटतात. ते ताईला ऐकवायचे, एवढाच बेत होता.

शुक्रवार : कंबर तलाव

पुण्याहून गाडीनं दुपारी पोचलो. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा असला तरी सोलापूरचं ऊन उन्हासारखंच होतं. आत्याकडे जेवलो (काळी आमटी, ज्वारीची भाकरी आणि वर दही), चार वाजेपर्यंत पडून राहिलो आणि ऊन कलल्यावर विजापूर रस्त्यावरच्या संभाजी तलावाकडे निघालो. जुनी माणसं त्याला कंबर तलावच म्हणतात.

भोरड्या आल्या त्या सूर्य टेकल्यावर. आधी पंचवीस-तीस, मग शंभराची एक टोळी, आणि मग इतक्या की मोजण्यात अर्थ उरला नाही. थवा एकदा लांबतो, एकदा आवळतो, वळताना काळा पडतो आणि लगेच विरळ होतो. काठावर फिरायला आलेली माणसं थांबून वर बघत होती. एक आजोबा नातवाला कानडीत काही सांगत होते, मध्येच आमच्याकडे बघून मराठीत म्हणाले, "दरसाल येतेत. ज्वारी निघाली की जातेत." त्यांच्या पलीकडे दोन बायकांचं तेलुगूत चाललं होतं.

भोरडीचं घराणं साळुंकीचं. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ही मध्य आशियाकडची पाहुणी आपल्याकडे पावसाळा सरता सरता येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. मी ताईला सांगितलं की मॉकिंगबर्डच्या कुळाला सगळ्यांत जवळचं कुळ साळुंक्यांचं आहे, डीएनएच्या अभ्यासातून ते पक्कं झालंय. ती बराच वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "म्हणजे ह्या माझ्या त्या बाबाच्या चुलतबहिणी!" साळुंकीच्या कुळात नकलाकार भरपूर. आपल्या घरापुढची साळुंकी आणि भांगपाडी मैना दोघीही आवाज उचलतात. माणसासारखी बोलणारी पहाडी मैना तर सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याबद्दल मला फार आवडणारी गोष्ट अशी की रानात ती दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करतच नाही. तिथे ती शेजारपाजारच्या मैनांकडूनच बोल शिकते. पिंजऱ्यात शेजारी माणसंच असतात, म्हणून ती माणसाचे शब्द उचलते. हे कळल्यापासून बोलक्या मैनेचं मला कौतुक वाटेनासं झालं.

तलावावर जायचं असेल तर साडेपाचला पोचा. अंधार पडायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं खरी. मोठी दुर्बीण लागत नाही, उघड्या डोळ्यांनीच थवा नीट दिसतो.

शनिवार : नान्नजचा माळ

पहाटे साडेपाचला निघालो. नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. गावातले एक वाटाडे मामा ठरवले होते, ते फाट्यावर कानाला मफलर गुंडाळून उभे. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी नियम सांगितले: दार हळू लावायचं, खाली उतरायचं ते ते म्हणतील तिथेच, आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. शेवटचं त्यांनी दोनदा बजावलं. मला फार बरं वाटलं. जोडीच्या दिवसांत पक्ष्याला रेकॉर्डिंग ऐकवलं तर त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. खाणंपिणं सोडून तो तेवढ्यामागे लागतो.

माळ म्हणजे काय, हे झाडांच्या मुलखातून आलेल्याला पहिल्यांदा कळत नाही. गुडघ्याएवढं वाळलेलं पिवळं गवत, मध्ये मुरमाचे उघडे पट्टे, लांबवर बोरी-बाभळी. थंडी चांगलीच होती. काळविटांचा कळप रस्ता ओलांडून गेला. गवतावरून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी अगदी खालून तरंगत आला, मान खाली घालून. मग मामांनी हात वर केला.

चंडोल. ढेकळावर बसला होता तेव्हा ढेकूळच वाटत होता, डोक्यावरचा छोटा तुरा तेवढा उभा. नंतर फडफडत वर गेला आणि हवेतच अडकल्यासारखा गाऊ लागला. हा साईक्सचा चंडोल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साईक्सनं दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये छापली, त्यातून ह्याला शास्त्रीय नाव मिळालं. हा भारताबाहेर कुठेही राहत नाही.

ताईच्या फोनवर मर्लिन नावाचं ॲप आहे. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं, अमेरिकेत ती रोज वापरते. तिनं ते चालू केलं. वर फक्त चंडोल गातोय, आजूबाजूला दुसरं चिटपाखरू नाही, आणि फोनवर नावं उमटतायत: टिटवी, वेडा राघू, पुन्हा टिटवी. ताई मान वळवून टिटवी शोधायला लागली. मामा बोटानं वर दाखवत राहिले. "त्योच हाय. समद्यांचं बोलतंय त्ये." पुढच्या फेरीत मी डोळे मिटून ऐकलं. त्याच्या स्वतःच्या किणकिणत्या सुरावटीत टिटवीचा एक तुकडा इतक्या सफाईनं बसवलेला, की सुटा ऐकला असता तर शंका आली नसती. फरक एकच: खरी टिटवी ओरडत राहते, ह्यानं ते एकदा म्हटलं आणि पुढे गेला.

इथेच ताईच्या मॉकिंगबर्डपेक्षा ह्याची रीत वेगळी पडते. मॉकिंगबर्ड एक तुकडा घोळवतो, तीनदा, चारदा, कधी सहादा. नराकडे दीड-दोनशे वेगवेगळे तुकडे असू शकतात आणि तो आयुष्यभर नवे शिकत राहतो. वसंतातले तुकडे वेगळे, शरदातले वेगळे. माद्याही गातात, जास्त करून शरदात. रात्रभर गाणारा बहुधा जोडीदार न मिळालेला नर असतो. चांदण्या रात्री त्याला जास्तच जोर येतो.

मला माळावर उभं राहून एक गोष्ट पटली आणि ती मी ताईला तिथेच सांगितली. नकलाकाराचं गाणं हा त्या जागेचा हजेरीपट असतो. चंडोल टिटवी म्हणतो, कारण त्याच्या माळावर टिटवी आहे. वेडा राघू म्हणतो, कारण तो पलीकडच्या तारेवर बसतो. डॅलसच्या पटावर मोटारीचा अलार्म आहे. ज्या दिवशी माळावरची टिटवी जाईल, त्यानंतर जन्मलेल्या चंडोलाला ती शिकवणार कोण?

मामांना हे नवीन नव्हतं. त्यांनी लहानपणी इथे माळढोक पाहिलेत. पावसाळ्यात नराचा घुमणारा आवाज गुरं राखताना ऐकू यायचा म्हणाले. नान्नजचा माळ ज्यात येतो ते अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं ते माळढोकासाठीच. तेव्हाचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर, म्हणजे शेतं, गावं, रस्ते सगळं त्यात. पुढे ते 1,222 पर्यंत कमी केलं. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि जड अंगाच्या ह्या पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. आता माळढोकासाठी म्हणून नान्नजला येऊ नका, निराश व्हाल. माळासाठी या. चंडोल, भोवत्या, काळवीट, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा, हे सगळे अजून इथे आहेत. माळ राखला तर तेही राहतील.

नऊच्या सुमाराला गंमत झाली. एका बोरीच्या झुडपाजवळ उतरून चहा पीत होतो. थर्मास ताईचा, चहा आत्याचा. झुडपातून कुत्र्याचं पिल्लू विव्हळल्यासारखा बारीक आवाज आला. ताई लगेच उठली. "अगं, पिल्लू अडकलंय काट्यांत!" मामा हसले. "कुत्रं न्हाई वो ताई. खाटीक हाय त्यो. गप ऱ्हावा, अजून बोलतंय बघा." आणि खरंच, पिल्लू संपलं, खारीची चिरचिर सुरू झाली, मग परत एक टिटवी. सगळं अगदी दबक्या आवाजात, स्वतःशीच म्हणावं तसं. दोन पावलं सरकल्यावर दिसला: करडं डोकं, डोळ्यांवर काळी पट्टी, तांबूस पाठ, लांब शेपूट. नकल्या खाटीक. खाली काट्याला एक नाकतोडा टोचून ठेवलेला होता. शिकार अशी काट्यावर लटकवून नंतर सवडीनं खायची, म्हणून हा खाटीक. एवढा क्रूर शिकारी आणि गाणं मात्र इतकं मऊ, कुणी मुद्दाम ऐकल्याशिवाय कळणारही नाही असं. चंडोल आभाळातून सगळ्या माळाला ऐकवतो. हा झुडपात बसून गुणगुणतो. मला विचाराल तर सगळ्या सहलीत हीच वेळ सर्वांत मोलाची होती. आम्ही हलेपर्यंत चहा पार गार झाला होता.

नान्नजला जाणाऱ्यांसाठी: सूर्योदयाला माळावर असायलाच हवं, दहानंतर पक्षी गप्प आणि ऊन कडक. कपडे मातकट रंगाचे घाला. पाणी घरून न्या. गेल्या गेल्या वन विभागाच्या लोकांना भेटून परवानगीचं विचारा आणि वाटाड्या गावातलाच घ्या. गवतात गाडी घालू नका. चंडोल, टिटवी, तित्तर सगळे जमिनीवरच घरटं करतात, चाकाखाली काय आलं ते कळतही नाही. सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या एसट्या नान्नजवरून जातात, पण पहाटेसाठी स्वतःचं वाहन बरं.

परतताना गावात द्राक्षं घेतली. नान्नज हे द्राक्षांचं गाव, सोनाका ही लांबट मण्यांची जात इथल्याच एका शेतकऱ्यानं तयार केलेली. बागेच्या मालकीणबाईंनी एक घड आधी हातात ठेवला आणि मग भाव सांगितला.

शनिवार दुपार : आगटीपाशी

आत्याच्या ओळखीच्यांचं शेत मार्डीच्या बाजूला आहे. हंगाम सरत आलेला, पण त्यांनी हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारीचा एक पट्टा उशिरा पेरून ठेवला होता. बाकी रान मालदांडीचं, भाकरीसाठी. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कणसं निखाऱ्यात सरकवायची, भाजली की बाहेर काढून गरम गरमच हातावर चोळायची. दाणे पडतात ते हिरवे, वाफाळलेले, गोडसर. सोबत शेंगाचटणी, गूळ, घट्ट दही. ताईनं किती खाल्लं ते मी लिहीत नाही, ती हे वाचणार आहे.

शेताच्या मध्यभागी मचाण आणि मचाणावर गोफण घेऊन शेतकरी काका. भोरड्यांची टोळी उतरली की गोफणीतून दगड सुटतो, जोडीला पत्र्याचा डबा वाजतो, टोळी उठते आणि शेजारच्या रानात बसते. मग शेजारचा डबा वाजतो. "दिसाया गोड. कणसाला बसली की दाणा ऱ्हात न्हाई." मी त्यांना सांगितलं की हीच भोरडी तिच्या मुलखात टोळांवर पोसते, आणि चीनमधल्या शिनजियांगात टोळ आवरायला हिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. काका थोडं थांबले. "मग तिकडंच ऱ्हावा म्हणावं की," म्हणाले आणि डबा वाजवला. त्यांचं पीक, त्यांचं वर्ष. मला त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी आगटीभोवती ताईनं पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांची गोष्ट काढली. काकांची बारावीतली मुलगी डार्विन शिकत होती, ती सरसावून बसली. पुस्तकात फिंच पक्षी असतात, पण डार्विनला आधी खटकले ते मॉकिंगबर्ड. 1835 मध्ये बीगल जहाजावरून तो बेटांवर फिरला तेव्हा एका बेटावरचा मॉकिंगबर्ड दुसऱ्या बेटावरच्यापेक्षा वेगळा आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा ह्याची नोंद त्यानं ठेवली. 1837 मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डनं ते पक्षी तपासले आणि ह्या तीन वेगळ्या जाती आहेत म्हणून सांगितलं. आज तिथल्या चार जाती मानतात. त्यांतल्या एस्पान्योला बेटावरचा इतका धीट, की समुद्रपक्ष्यांची अंडी फोडतो आणि जखमी प्राण्याचं रक्तही पितो. फ्लोरेआना बेटावरचा मात्र त्याच्या मूळ बेटावरून एकोणिसाव्या शतकातच गेला. माणसांबरोबर आलेले उंदीर आणि मांजरं ह्यांच्यापुढे तो टिकला नाही. शेजारच्या चँपियन आणि गार्डनर ह्या दोन चिमुकल्या बेटांवर तेवढा उरला. "आपल्या माळढोकासारखं," मुलगी म्हणाली. कुणी काही बोललं नाही. काकूंनी आगटीत आणखी कणसं सरकवली.

रविवार : हिप्परगा आणि परत

सकाळी तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर. सरकारी कागदांत हा एकरूख तलाव, ब्रिटिशांच्या काळात बांधलेला. पाणी उतरलेल्या गाळपेरात म्हशी चरत होत्या आणि प्रत्येक दुसऱ्या म्हशीवर एक कोतवाल. काळाकुळकुळीत, शेपटीला खोल खाच. म्हशीच्या पायांनी किडे उडतात, हा झेपावून पकडतो आणि परत पाठीवर येऊन बसतो.

कोतवाल शिक्रा ह्या शिकारी पक्ष्याचा आवाज काढतो, आणि साळुंक्या दचकून उडाल्या की त्यांनी टाकलेलं खाणं उचलतो, असं मी वाचलं होतं. त्या सकाळी पाहिलं. चार-पाच साळुंक्या गाळात टोकरत होत्या, म्हशीवरून "की-की" असा तिखट आवाज आला आणि साळुंक्या एकदम उठल्या. आभाळात शिक्रा नव्हता. कोतवाल खाली उतरला, काहीतरी लांबुळकं उचललं आणि पाठीवर परत. आफ्रिकेत कलहारीच्या वाळवंटातला कोतवाल ह्याच्याही पुढचा. तो मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी) आणि इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका खोट्याच घालतो आणि त्याच्या खाण्यातला जवळपास पाव हिस्सा ह्या लुबाडणुकीतून येतो. एका हाकेला ते फसेनासे झाले की तो दुसरी वापरतो.

ताईला कोतवाल फार भावला, कारण तिचा मॉकिंगबर्डही असाच भांडकुदळ. घरट्याजवळ मांजर असो, कुत्रा असो की टपालवाला, तो डोक्यावर झडप घालतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात 2009 च्या एका अभ्यासात असं दिसलं, की एकच माणूस चार दिवस ओळीनं घरट्याला हात लावायला गेला तर मॉकिंगबर्ड त्याला नेमकं ओळखू लागतो. तो लांब असतानाच हल्ला सुरू. पाचव्या दिवशी वेगळा माणूस पाठवला तर पक्षी पहिल्या दिवसासारखाच शांत. इकडे हिप्परग्यावर कोतवालानं एका घारीला तलावाच्या पार पलीकडे पिटाळलं, ते आम्ही दोघी टाचा उंचावून बघत होतो.

दुपारी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, बाजारातून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतल्या. चटणी उखळात कुटलेली मागा, तेल सुटलेली असते तीच. कडक भाकऱ्या नीट बांधल्या तर महिनाभर टिकतात, ताईच्या बॅगेत निम्म्या त्याच होत्या.

हुरडा आणि भोरड्या हव्या असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मार्चपासून मे सोलापूर टाळा, उष्मा सोसत नाही. चंडोलांच्या गाण्यासाठी पहिल्या पावसानंतरचे दिवस चांगले, असं मामांचं म्हणणं आहे. तेव्हा माळ हिरवा असतो आणि एका जागी उभं राहिलं तर चार बाजूंना चार चंडोल वर चढलेले असतात. जूनमध्ये पाऊस झाला की फोन करतो म्हणालेत. मी त्यांना सांगून ठेवलंय, निरोप आला की दुसऱ्या दिवशी पहाटे मी फाट्यावर असेन.